रस्त्यावरच्या तासांचा हिशोब : स्वतंत्र फिरत्या वादक-गायकांचे मागणीपत्र

प्रति : सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन, रेल्वे मंत्रालय, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, एसटी महामंडळ, नाट्यगृहे चालवणाऱ्या महापालिका व नगरपरिषदा, आणि कार्यक्रम ठरवणारी सर्व मंडळे, संस्था व इव्हेंटवाले

विषय : कलाकारांचा प्रवास कामाचा भाग धरण्याबाबत



आम्ही कुणाच्या नोकरीत नाही. आमच्यात तबलावाले, पेटीवाले, ढोलकीवाले आहेत. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वाजवणारे आहेत. आज अभंग, उद्या भावगीते आणि परवा कुणाच्या तरी साठीला जुनी सिनेगीते गाणारे आहेत. आणि स्वतःची गाणी बांधून पाठीला गिटार लावून फिरणारी नवी मुलेमुलीही आहेत. सुपारी आली की जायचे, वाजवायचे, परतायचे. पैसे मिळतात ते वाजवण्याचे. जाणे आणि परतणे आमच्या खात्यावर.

बिदागी वाढवून द्या, अशी मागणी या पत्रात कुठेही नाही. ती ज्याने त्याने आपल्या कसबावर आणि नावावर मिळवावी. आमचे म्हणणे एवढेच आहे, की घरातून वाद्य उचलल्यापासून ते पुन्हा जागेवर ठेवेपर्यंतचा वेळ कामाचा वेळ आहे, आणि त्याची जबाबदारी कुणीतरी लेखी घ्यावी.

हा प्रश्न पूर्वी नव्हता असे नाही, पण तो एकट्याचा नव्हता. गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपन्या गावात मुक्काम टाकत, त्यांचे बिऱ्हाड आणि भटारखाना बरोबर असे. तमाशाचे मोठे फड आजही स्वतःच्या ट्रकांतून रंगमंच, राहुट्या, स्वयंपाकी घेऊन हिंडतात. त्यांचे हाल कमी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे रस्त्याचा भार फडाच्या डोक्यावर असतो. आमच्याकडे तो संचातल्या सातजणांत वाटला जातो आणि सातातला सर्वांत नवखा मुलगा सगळ्यांत जास्त उचलतो.

याच फडांकडून एक गोष्ट शहरातल्या मंडळांनी शिकावी. यात्रांच्या हंगामाआधी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावकरी येतात, समोरासमोर बसतात, इसार देतात, तारीख वहीत चढते. वातानुकूलित कार्यालयात बसणारे आयोजक मात्र आम्हाला व्हॉट्सॲपवर ‘तारीख धरून ठेवा’ एवढेच लिहितात. आम्ही धरून ठेवतो. दुसरी सुपारी सोडतो. मग कार्यक्रमाच्या आधल्या आठवड्यात समजते, की बजेट बसले नाही. म्हणून पहिली मागणी : तारीख पक्की म्हणजे एक पानाचे पत्र आणि ठरलेल्या रकमेच्या ४० टक्के इसार. आयोजकाने पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास इसार परत मागू नये. दोन दिवसांच्या आत रद्द केल्यास पूर्ण रक्कम द्यावी. कलाकाराने ऐनवेळी दांडी मारली, तर त्याने इसार दुपटीने परत करावा. हे कलम आमच्या संघटनेच्याच सभासदांनी भांडून घातले आहे.

आता मुक्कामाविषयी, कारण या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. दिवाळीतल्या एखाद्या शनिवारी रात्री कोल्हापुरात कार्यक्रम आणि रविवारी ठाण्यात दिवाळी पहाट, असा जोड प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला आहे. दहाला पडदा पडतो. फोटो, वायरी गुंडाळणे, वाद्ये गवसणीत भरणे, जेवणाच्या नावाखाली थंडगार पुलाव, यात साडेअकरा होतात. पुढे पावणेचारशे किलोमीटर, खंबाटकी, कात्रज, आणि चालवणारा तोच, ज्याने दुपारी गाडी आणली आणि संध्याकाळभर साऊंडच्या पेट्या उचलल्या. पहाटे पाचला साऊंड चेक. यात आमचा हावरेपणा आहे का? थोडा आहे. पण गणपती, नवरात्र आणि दिवाळी एवढ्यात वर्षाची निम्मी कमाई होते, पितृपक्षात फोन वाजत नाही, पावसाळ्यात घरभाडे थांबत नाही. ज्याला जूनमध्ये काम नाही, तो ऑक्टोबरमध्ये नाही म्हणत नाही. तेव्हा नियमच हवा : कार्यक्रम रात्री नऊनंतर संपणार असेल आणि घर १५० किलोमीटरपेक्षा दूर असेल, तर मुक्काम आयोजकाने द्यावा. चालकासकट. चालकाला गाडीत झोपवणे म्हणजे मुक्काम नव्हे.

मुक्काम म्हणजे कुणाच्या तरी हॉलमध्ये बारा गाद्या असाही नव्हे. आमच्यातल्या स्त्री कलाकारांना स्वतंत्र खोली, आतून लागणारी कडी आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह लागते. हे लिहावे लागते, याचीच आम्हाला लाज वाटते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त जावे लागणाऱ्या जागांना आणि मालकाने दिलेल्या वाहनालाही लागू होतो. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला असतात, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. सात जणांच्या संचाला नेमकी हीच समिती लागते, पण ती कुठे बसते हे जिल्ह्याबाहेरून आलेल्या गायिकेला कोण सांगणार? प्रत्येक नाट्यगृहाच्या रंगपटात तिचा पत्ता आणि दूरध्वनी ठळक लावावा.

वाद्यांच्या वाहतुकीचे सांगायचे तर कौतुक आणि वागणूक यांचा मेळ बसत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सगळ्यांनी अभिनंदन केले. तोच तंबोरा घेऊन फलाटावर उभे राहा. डब्यात नेण्याच्या सामानाला रेल्वेने घातलेली १०० सेंटिमीटर लांबीची मर्यादा तो जन्मतःच मोडतो. ब्रेकव्हॅनमध्ये टाकावा, तर वर कुणाच्या तरी मोटारसायकलीचे हँडल येणार. भोपळ्याला तडा गेला, तर तंबोरा बोलेनासा होतो. दुरुस्तीला मिरजेला न्यावा लागतो, म्हणजे पुन्हा तोच प्रवास.

कार्यक्रमासाठी जाणाऱ्या कलाकारांना रेल्वे शयनयान आणि द्वितीय वर्गात ७५ टक्के सवलत देत असे. २० मार्च २०२० पासून विद्यार्थी, दिव्यांग आणि काही आजारांचे रुग्ण एवढे सोडून बाकीच्या सवलती थांबल्या, त्यात आमचीही गेली. करोनाची साथ ओसरली, सवलत परतली नाही. ती पूर्ववत करावी, आणि गवसणीतल्या एका वाद्याला लांबीच्या अटीतून सूट द्यावी. एसटीत वाद्य चढवायचे की नाही हे आज वाहकाच्या मनावर आहे. बहुतेक वाहक भले असतात. पण भलेपणावर दौरा आखता येत नाही. महामंडळाने साधे परिपत्रक काढावे.

विमानाबाबत आम्ही चंद्र मागत नाही. अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने बंधन घातले, की डोक्यावरच्या कप्प्यात मावणारे वाद्य, चढतेवेळी जागा असेल तर, कंपनीने जादा आकार न घेता आत नेऊ द्यावे. मोठ्या वाद्यासाठी प्रवाशाला स्वतंत्र आसन विकत घेता यावे. आपल्याकडेही महासंचालनालयाने असाच नियम करावा. तबल्याची हातोडी आम्ही निमूटपणे खालच्या सामानात टाकतो, ते मान्य आहे. व्हायोलिन मात्र खाली टाकायला लावू नका.

आता भाषणे. मोकळ्या मैदानावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक आम्हाला मान्य आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस शासन बारापर्यंत मुभा देऊ शकते, तेही ठाऊक आहे. आमची तक्रार दहाबद्दल नाही, सातबद्दल आहे. सातचा कार्यक्रम असतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचा परिचय, उशिरा आलेल्या लोकप्रतिनिधींसाठी तेच सारे पुन्हा, यात पावणेनऊ होतात. मग उरलेल्या सव्वा तासात अडीच तासांचा कार्यक्रम कोंबायचा, आणि शेवटी ‘गाणी कमीच झाली हो’ म्हणून पाकीट हलके करायचे. सत्काराला वीस मिनिटांची मर्यादा पत्रात लिहावी. त्यापुढे गेलेला वेळ आमच्या गाण्यांतून गेला, तरी बिदागी कापू नये. दिवाळी पहाटही त्याच नियमाखाली येते, कारण रात्र सकाळी सहापर्यंत धरली आहे. साडेपाचला सुरू करायचे तर परवानगी आयोजकाने आणावी. पोलीस आले, की माइकसमोरचा माणूसच दिसतो.

पैशांच्या कागदांचे थोडक्यात. लोक किंवा शास्त्रीय कलाप्रकार सादर करणाऱ्या कलाकाराचे दीड लाखापर्यंतचे मानधन जीएसटीतून मुक्त आहे. एकाच बैठकीत अभंग, नाट्यगीत, लावणी आणि गझल गाणाऱ्याने कुठल्या गाण्यापर्यंत मुक्त राहायचे? ही सूट सर्व प्रकारच्या प्रत्यक्ष सादरीकरणाला द्यावी. वर्षाला वीस लाख मिळणारे साथीदार आमच्या पाहण्यात नाहीत, तरी आयोजक नोंदणी क्रमांक मागून पैसे अडवतात, ते थांबावे. टीडीएस कापला, तर प्रमाणपत्र मिळालेच पाहिजे. शासकीय महोत्सवांचे पैसे ४५ दिवसांत मिळावेत. सूक्ष्म उद्योगांसाठी २००६ च्या कायद्याने हीच मुदत घातलेली आहे.

कार्यक्रमाचे चित्रीकरण करण्याआधी कलाकारांची लेखी संमती घ्यावी. कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याला पन्नास वर्षांचा हक्क दिला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातला वाटाही. तरीही आमची अख्खी मैफल दुसऱ्या दिवशी मंडळाच्या यूट्यूबवर जाहिरातींसकट असते. स्वतःची गाणी गाणाऱ्यांसाठी आणखी एक : गायलेल्या गाण्यांची यादी आयोजकाने हक्क संस्थेला पाठवावी. परवाना शुल्क भरले जाते, यादी जात नाही, म्हणून ज्याचे गाणे त्यालाच रॉयल्टी नाही.

यादीवरून साथीदारांची गोष्ट येते. राज्य शासन पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन देते, आणि ते योग्यच आहे. पण अर्जाला कारकिर्दीचे पुरावे लागतात : पत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे. तीस वर्षे साईड रिदम वाजवलेल्या माणसाकडे काय असते? पत्रिकेवर तो ‘आणि सहकारी’ असतो. म्हणून प्रत्येक जाहिरातीत साथीदारांची नावे छापावीत आणि कार्यक्रमानंतर प्रत्येकाला तारखेची, ठिकाणाची सही-शिक्क्याची पावती द्यावी. फुकटचे काम आहे. नाव मोठे असलेल्या आमच्याच गायक-गायिकांकडे मागणी अशी, की साथीदारांचे पैसे आयोजकाकडून थेट त्यांच्या खात्यावर जाऊ द्यावेत. या मुद्द्यावर आमच्या सभेत आवाज चढले होते. ठराव तरीही झाला.

प्रवासातल्या अपघात विम्याचा हप्ता प्रत्येक कार्यक्रमाच्या खर्चात धरावा. केंद्राच्या सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते. ते आम्ही सर्व सभासदांना घ्यायला लावत आहोत. रात्री दोनला महामार्गावर असणाऱ्याला ते पुरेसे नाही, आणि वाद्यांना तर काहीच नाही. शासनाने प्रवास आणि वाद्ये दोन्ही धरून गटविमा आणावा. हप्त्याचा अर्धा भाग आम्ही उचलू.

गणेशोत्सवाच्या सुपाऱ्या आषाढातच ठरू लागतात. तेव्हा ज्येष्ठ संपण्यापूर्वी सांस्कृतिक कार्य विभागाने आयोजकांची आणि आमची एकत्र बैठक लावावी. कराराच्या एकपानी पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. बैठक झाली नाही, तरी येत्या आषाढ प्रतिपदेपासून आमचे सभासद या पत्रावर सही झाल्याशिवाय तारीख देणार नाहीत.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य