टांगणारा कुठे गेला?

टॅरोच्या बाराव्या पत्त्यावर एक माणूस एका पायानं उलटा टांगलेला आहे. हात पाठीमागे, दुसरा पाय गुडघ्यात मुडपलेला, डोकं जमिनीकडे. 'हँग्ड मॅन' म्हणतात त्याला. हा पत्ता निघाला की मुंबई-पुण्यातल्या टॅरो रीडरांकडून ठरलेली वाक्यं ऐकू येतात. थांबा. सोडून द्या. समर्पण करा. युनिव्हर्स तुम्हाला वेगळ्या नजरेनं बघायला शिकवतंय. टांगलेल्या माणसाचं चित्र टेबलावर ठेवून तासभर बोलायचं आणि त्याला कुणी टांगलं, हा प्रश्न एकदाही काढायचा नाही, याचा मला संताप येतो. नुसतं अज्ञान असतं तर मी गप्प बसले असते. पण इथे एका चित्राचा इतिहास धुऊन काढला आहे आणि धुतलेलं चित्र पिचलेल्या माणसाला गप्प बसवायला वापरलं जातं आहे, तेही पैसे घेऊन.

हे चित्र पत्त्यावर आलं तेव्हा इटलीत त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळत होता. टॅरोचे पत्ते उत्तर इटलीतले, पहिल्या नोंदी 1440 च्या दशकातल्या. भविष्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तो हात करायचा खेळ होता. 78 पानं, त्यांत 21 कायमचे हुकूम आणि एक विदूषक. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 साली या खेळावर जाडजूड ग्रंथ लिहून हे सगळं पुराव्यानिशी मांडलं आहे. फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटलीत हा खेळ आजही खेळतात. जुने इटालियन या बाराव्या पत्त्याला फितूर म्हणत, आणि फितुराला उलटं टांगणं हा तिथल्या नगरराज्यांच्या कारभाराचा भाग होता.

ती रीत अशी. कुणी फितुरी केली, लबाडी केली, दिवाळं काढून पोबारा केला आणि हाती लागला नाही, तर सरकार चित्रकाराला बोलवायचं. सरकारी इमारतीच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, त्या माणसाचं चित्र काढून घ्यायचं. बहुधा उलटं, पायाला दोर बांधून लोंबकळणारं, आणि सोबत त्याचं नाव. धिंड काढायला माणूस सापडत नाही म्हणून त्याच्या चित्राची धिंड. 1440 साली अंगियारीच्या लढाईनंतर फ्लॉरेन्सच्या बंडखोरांची अशी चित्रं आंद्रेआ देल कास्तान्यो यानं न्यायाधिकाऱ्याच्या वाड्यावर रंगवली. त्यावरून लोक त्याला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' म्हणू लागले आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. 1478 मध्ये पात्सी घराण्याच्या कटात फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्यातल्या जुलियानोचा कॅथेड्रलमध्ये खून झाला. मग कटवाल्यांची चित्रं काढायला सरकारनं कुणाला बोलवलं? सँड्रो बोत्तिचेल्लीला. व्हीनस रंगवणारा तोच हात. सरकारी तिजोरीतून त्याला 40 फ्लोरिन मिळाले. जे पकडले गेले ते गळ्याला फास लावलेले, आणि निसटलेला पायाला टांगलेला.

याहून बोलकं उदाहरण खुद्द पत्त्यांच्या धन्याच्या घरातलं आहे. 1412 साली मुत्सिओ आत्तेंदोलो स्फोर्त्सा हा भाडोत्री सेनापती, पोपपदाचा दावेदार तेविसावा जॉन याची चाकरी सोडून नेपल्सच्या राजाला मिळाला. चिडलेल्या जॉननं रोमच्या वेशींवर आणि पुलांवर मुत्सिओची उलटी टांगलेली चित्रं लावली, त्याच्या फितुरीचा पाढा वाचणाऱ्या फलकासकट. मुत्सिओचा मुलगा फ्रान्चेस्को तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. हाच फ्रान्चेस्को 1450 मध्ये मिलानचा ड्यूक झाला, आणि सोन्याचा वर्ख लावलेला, टॅरोचा आज सर्वांत प्रसिद्ध असलेला जुना जोड त्याच्या दरबारचा आहे. त्या जोडात पायानं टांगलेला माणूस आहे. ते पान हातात आल्यावर त्या घरात कुणाला 'दृष्टिकोन बदलण्याची संधी' आठवली असेल, असं मला कुणी पटवून द्यावं! बाप आठवला असेल, आणि बापाला टांगणारा आठवला असेल.

ही खूण इटलीच्या डोक्यातून पुढेही गेली नाही. 29 एप्रिल 1945 रोजी मिलानच्या पियात्साले लोरेतो चौकात, एका पेट्रोल पंपाच्या लोखंडी तुळईला, मुसोलिनीचं प्रेत पाय वर करून लटकवलं गेलं. आदल्या ऑगस्टमध्ये पंधरा प्रतिकारकांना गोळ्या घालून त्यांची प्रेतं त्याच चौकात उघड्यावर टाकली होती, म्हणून तोच चौक. त्या दिवशी तिथे जमलेल्या गर्दीला या दृश्याचा अर्थ सांगायला रीडर लागला नाही.

मग हा माणूस साधू केव्हा झाला? 1781 मध्ये कूर द झेबलँ या फ्रेंच गृहस्थानं छापून टाकलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्यॉनला तिची किल्ली सापडली ती 1822 मध्ये. या पत्त्याबद्दल झेबलँ म्हणाला की हा माणूस मुळात उभाच होता, विवेकाचं प्रतीक होता, अडाणी कारागिरानं तो उलटा छापला. टांगलेपण ही छापखान्याची चूक ठरली! पुढचं पाऊल 1909 चं, लंडनमधलं. आर्थर एडवर्ड वेट यानं नवा जोड काढला, चित्रं पामेला कोलमन स्मिथनं काढली. तिला त्या कामाचे अगदी थोडे पैसे मिळाले आणि जोड प्रकाशकाच्या व वेटच्या नावानं जगभर खपला. ती 1951 मध्ये हलाखीत गेली. तिचं रेखाटन सुंदर आहे, मी ते नाकारत नाही. पण वेटला हवं होतं तेच त्यात उतरलं. खांबाला हिरवी पानं फुटली, डोक्याभोवती तेजोवलय आलं, आणि चेहऱ्यावर वेदना नसून समाधी आहे, असं वेटनं पुस्तकातही नोंदवून ठेवलं. आजचे बहुतेक जोड या चित्राची नक्कल आहेत, आणि आजचा सगळा उपदेश त्या वलयातून निघतो.

वलयाच्या समर्थनार्थ दोन नावं हमखास पुढे येतात. एक संत पीटर, ज्यांना परंपरेनुसार उलट्या क्रूसावर खिळलं. दुसरा नॉर्स देव ओडिन, जो ज्ञानासाठी नऊ रात्री झाडाला लटकला. पीटरच्या कथेत सम्राट नीरो आहे. हौतात्म्याची कथा मारणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. आणि ओडिन स्वतःहून लटकला होता. टॅरो रीडरकडे जाणारी माणसं स्वतःहून लटकलेली नसतात. थकलेला पगार, दारुडा नवरा, अडवलेली फाइल, भावानं दाबलेला हिस्सा घेऊन ती आलेली असतात.

प्रतीकांचे अर्थ काळाबरोबर बदलतात, असं मला सांगितलं जातं. बदलोत. पण मग 'हजारो वर्षांचं प्राचीन ज्ञान' ही पाटी खाली उतरवा आणि सांगा की हा अर्थ विसाव्या शतकातल्या लंडनचा आहे. आणि बदल कुठल्या दिशेनं झाला तेही बघा. आधी चित्रात हुकूम देणारं सरकार होतं, आरोप होता, नाव होतं. खरा असो वा खोटा, आरोप उघड होता, आणि उघड आरोपाशी भांडता येतं. आता चित्रात फक्त टांगलेला उरला आहे आणि त्याचं टांगलेपण ही त्याची आध्यात्मिक इयत्ता झाली आहे. या बदलाचा फायदा ज्याच्या हातात दोर आहे त्यालाच होतो. 1494 मध्ये मेदिचींना फ्लॉरेन्सनं हाकललं आणि बोत्तिचेल्लीनं रंगवलेले ते टांगलेले त्याच वर्षी भिंतीवरून पुसले गेले. ती चित्रं कुणाच्या सत्तेवर उभी आहेत हे त्या गावाला पक्कं माहीत होतं.

माझी मावसबहीण घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. एका कंपनीनं दिवाळीची मोठी ऑर्डर दिली आणि तिचा चेक वटला नाही, खात्यात पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत आला. अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवावी लागते. ती रीडरकडे गेली आणि हा पत्ता निघाला. "ताई, कार्डच तसं आलं गं," ती मला म्हणाली, "आत्ता काही करू नका, पैसा आपोआप वळेल, असं म्हणाल्या त्या." ती थांबली. 30 दिवस गेले. चेक पुन्हा बँकेत भरावा तर त्याची तीन महिन्यांची मुदतही उलटलेली. फौजदारी तक्रारीची वाट बंद झाली, दिवाणी दाव्याची लांबची वाट उरली. त्या बाईंनी फी घेतली होती, मुदतीचा एक शब्द काढला नव्हता. "आम्ही कुणाला कोर्टात जाऊ नका असं सांगत नाही" हे उत्तर मला नको आहे. तिला 'थांबा' सांगितलं होतं आणि तिच्याकडे थांबायला दिवस नव्हते.

शेवटी मी तिला वकिलाकडे घेऊन गेले. तिनं सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, वही पुढे ओढली आणि विचारलं, "आधी हे सांगा, पैसे कुणी बुडवले? नाव आणि पूर्ण पत्ता."