कुलपातलं स्टेशन

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एक असं स्टेशन आहे, जिथे गाडीही थांबत नाही आणि चहाही मिळत नाही. ते कपाटात असतं. टेम्परेचर कंट्रोल्ड सोल्डरिंग स्टेशन! कपाटाला काच असल्यामुळे सगळ्यांनी ते पाहिलंय. इन्स्पेक्शन कमिटी आली की ते टेबलावर येतं, समोर एखादा हुशार मुलगा बसवला जातो, आणि कमिटीची गाडी गेटबाहेर पडली की स्वारी परत कुलपात. उरलेलं वर्षभर आपण आणि आपलं २५ वॅटचं साधं आयर्न.

हे स्टेशन कपाटाबाहेर यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. हॉस्टेलची रूम, मेसची स्टीलची ताटली उलटी ठेवून त्यावर आयर्न. (रेक्टर सरांनी हे वाचू नये, ही नम्र विनंती.) ७८०५ उलटा लागला होता म्हणून त्याची ग्राउंड पिन काढायची होती. पिनच्या भोवती बोर्डभर ग्राउंडचं कॉपर. आयर्न टेकवलं, दहा सेकंद झाले, वीस झाले, सोल्डर काही वितळेना. जोर लावला, आणि पिनबरोबर पॅडही उचकटून वर आलं. मग ट्रॅक खरवडून एक लाल वायर टाकली. व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी पहिला प्रश्न विचारला, "ही वायर कसली?" तीन महिन्यांचं काम, आणि चर्चा त्या वायरचीच!

आम्हाला वाटलं, आयर्न जास्त तापलं म्हणून पॅड गेलं. पण ते अर्धंच खरं होतं. साध्या आयर्नला आपण किती तापलोय हे कळतच नाही. नुसतं स्टँडवर पडलं असेल तेव्हा त्याची टिप चारशे अंशांच्याही पुढे जाऊ शकते; त्यात फ्लक्स जळतो, टिप काळी पडते. आणि मोठ्या कॉपरला टेकवलं की तीच टिप झपकन थंड होते. मग आपण तिथेच दाबून बसतो, आणि त्या वीस सेकंदांत पॅडखालचा गोंद सुटतो. म्हणजे नको तेव्हा गरम, हवं तेव्हा थंड!

स्टेशनमध्ये टिपजवळ सेन्सर असतो. तापमान उतरलं की कंट्रोलर लगेच जास्त पॉवर देतो, चढलं की कमी करतो. "५० वॅटच्या स्टेशनने आयसी जळेल" असं सेकंड इयरची मुलं म्हणतात, पण वॅट म्हणजे तापमान नव्हे. जास्त वॅट म्हणजे गेलेली उष्णता लवकर भरून काढायची ताकद. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं. स्टेशन ३२० ते ३५० वर ठेवलं तर साधा जॉइंट दोन-तीन सेकंदांत होतो. लेड-फ्री सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश लागतात, म्हणून तिथे थोडं वर जायचं. मोठं पॅड असेल तर आकडा वाढवण्याआधी जाड, चपटी टिप लावायची.

सुट्टीत घरी बोर्ड करत बसलो होतो, तेव्हा आजी म्हणाली, "डाख देतोस का रे?" सोल्डरला मराठीत शब्द आहे, हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला विसाव्या वर्षी कळलं! मग तिने कल्हईवाल्याचं सांगितलं. तो आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, मग तापलेल्या भांड्यावर कथील फिरवायचा. भांडं थंड असेल तर कथील धरत नाही, फार तापलं तर काळवंडतं. म्हणून एक हात भात्यावर आणि नजर भांड्यावर. आपला फर्स्ट इयरचा मुलगा मात्र टिपवर सोल्डरचा थेंब घेतो आणि थंड पिनेवर नेऊन चिकटवतो. पिन आणि पॅड तापवायचं, सोल्डर त्यांना लावायचं, हे आम्हाला कोणी हाताला धरून दाखवलेलंच नाही.

आता दुसरी बाजू. कुलूप उगाच लागलेलं नाही. पूर्वी हे स्टेशन बाहेर असायचं. एकदा टिप काळी दिसली म्हणून एका शहाण्याने तिला कानस मारली. साध्या आयर्नच्या तांब्याच्या टिपला आपण मारतो, तशीच. स्टेशनच्या टिपला आत तांबं आणि वरून लोखंडाचा पातळ थर असतो. तो गेला की सोल्डर आतलं तांबं खाऊन टाकतं. आठवड्यात टिपला खड्डा पडला. लॅबमधल्या मामांना बोलणी बसली आणि कपाटाला कुलूप लागलं. तो शहाणा मीच होतो. मामांना मी हे अजून सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय. मामा, चुकलंच माझं.

पण सर, टिप बदलता येते. ती खर्चाची वस्तूच आहे, खडूसारखी. मला कानस मारू नये हे माहीत नव्हतं, कारण शिकायच्या वेळी कोणी सांगितलं नाही; आणि कुलूप लावून पुढच्या बॅचलाही ते कळणार नाही.

म्हणून मागणी एवढीच. सेकंड इयरला एक प्रॅक्टिकल फक्त सोल्डरिंगचं ठेवा: टिप ओल्या स्पंजावर पुसणं, बंद करण्याआधी तिला सोल्डर लावून ठेवणं, थ्री-पिन प्लगचं अर्थिंग तपासणं, धूर नाकात जाऊ न देणं, आणि शिसं असलेलं सोल्डर हाताळल्यावर हात धुवूनच वडापावला हात लावणं. ज्याला हे जमलं त्याचं नाव रजिस्टरमध्ये, आणि सही करून स्टेशन त्याच्या हातात. टिप खराब केली तर पैसे त्याने भरायचे.

पहिल्या टिपचे पैसे मी सोमवारी मामांकडे देतोय. किल्लीचं तेवढं बघा, सर!