घाटाच्या पायऱ्या

दिवाळीनंतर उज्जैनला मामांकडे गेले होते. शिंदेशाहीपासून तिथे राहणारी मराठी घरं बरीच. मामांचं त्यातलंच एक. पहाटे आम्ही रामघाटावर गेलो. क्षिप्रेचं दर्शन घेऊन परतताना मामा पाचव्या पायरीवर थांबले. "जरा आरती ऐकू," म्हणाले. आरती तर केव्हाच संपली होती. त्यांना दम लागला होता.

घरी मामी हळूच म्हणाल्या, "वर्षभर असंच चाललंय गं. कुणाला सांगू देत नाहीत."

2016 च्या सिंहस्थाच्या वर्षी मामांना क्षय झाला होता. सहा महिने एकही गोळी न चुकवता ते बरे झाले. आता दम लागतो म्हणजे तो परत आला, पुन्हा आपलं ताट-पेला वेगळा होणार, ही धास्ती. नातवालाही जवळ घेत नव्हते!

मी हट्टानं त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. थुंकी तपासली, एक्स-रे काढला, नळीत जोरानं फुंकायची स्पायरोमेट्री झाली. थुंकीत जंतू नव्हते. जखम भरली होती, पण व्रण राहिला होता.

वाचकहो, हे आपल्याला कुणी नीट सांगत नाही. औषधानं क्षयाचे जंतू मरतात, पण फुप्फुसाचं झालेलं नुकसान सगळंच भरून येत नाही. कुठे श्वासनलिका रुंदावून कफ साचतो, कुठे त्या आकसतात, कुठे पोकळी राहते. म्हणून बरे झालेल्या काहींना पुढे कित्येक वर्षं दम आणि खोकला राहतो. एक्स-रेवरचा जुना डाग जन्मभर दिसू शकतो. नुसत्या त्यावरून पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात. आधी थुंकी तपासायची. मात्र ताप, घटतं वजन किंवा थुंकीत रक्त दिसलं तर दवाखाना लगेच गाठायचा. क्षय उलटू शकतो, आणि जुन्या पोकळीत बुरशी वाढूनही रक्त पडतं.

सरकारी क्षयरोग कार्यक्रमात उपचार संपल्यावर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितलेली आहे. आपण मात्र शेवटची गोळी घेतली की फाईल माळ्यावर टाकतो.

मामांना डॉक्टरांनी इनहेलर दिला, कफ काढण्याचे व्यायाम शिकवले, रोज झेपेल तेवढं चालायला आणि फ्लूची लस घ्यायला सांगितलं. बिडी तर कायमची बंद.

परवा मामींचा फोन आला. घाटावर मामा अजूनही मध्ये थांबतात, पण आता आरतीचं निमित्त सांगत नाहीत. आणि नातू रात्री त्यांच्याच कुशीत झोपतो.

तुमच्या घरात कुणी क्षयातून उठलं असेल, तर माळ्यावरची ती फाईल आज खाली काढा.