जात विचारावी ती घासाची

नगर जिल्ह्यात ‘घास’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ताटातला आणि दुसरा वाफ्यातला. शहरातल्या वाचकाला पहिला ठाऊक असतो. दुसरा म्हणजे लसूणघास. मेथीसारखी तीन-तीन पाने, जांभळी फुले आणि कापला की महिन्याच्या आत पुन्हा गुडघ्याशी येणारा हिरवागार चारा. गुजरातेत त्याला ‘रजको’ म्हणतात, इंग्रज ‘ल्यूसर्न’ म्हणतो, अमेरिकन ‘अल्फाल्फा’. मूळचा हा इराणकडचा. घोड्यांच्या मागोमाग जगभर पसरला. आमच्याकडे मात्र तो गाईच्या दावणीत स्थिरावला. संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या बागायती पट्ट्यात गोठ्याशेजारी दोन-चार गुंठे घास नाही, असे दुधाचे घर विरळाच. सकाळी आपल्या चहात जे दूध पडते, त्यात या वाफ्याचा वाटा आहे. म्हणून हा विषय केवळ शेतकऱ्यांचा नाही.

आपल्या देशात जात जिथे विचारू नये तिथे सर्रास विचारली जाते आणि जिथे विचारायला हवी तिथे कोणी विचारत नाही. घासाच्या बियाण्याचे नेमके हेच झाले आहे. आठवडे बाजारात किंवा दुकानात जाऊन ‘घासाचे बी द्या’ म्हणायचे, दुकानदाराने पोत्यातून मापून द्यायचे, रुमालात बांधून घरी आणायचे. कुठली जात, कुठले बी, कोणत्या सालचे, याची चौकशी नाही. तोच शेतकरी गाय घ्यायला लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात जातो तेव्हा तिचे दात पाहतो, कास पाहतो, वेत विचारतो. रेतन करायचे तर वळूच्या आईने किती दूध दिले होते, याची खात्री करून घेतो. मग ती गाय ज्यावर जगणार त्याच्याबद्दलच एवढी बेफिकिरी का?

बँकेच्या नोकरीत दुभत्या गाईंच्या कर्जाचे कितीतरी अर्ज माझ्या हातांखालून गेले. गाईची किंमत, गोठा, विमा, कडबाकुट्टी यंत्र, सगळ्यांसाठी रकाने असत. चाऱ्यापुढे बहुतेक दोनच शब्द लिहिलेले असत: ‘स्वतःच्या शेतावर’. तो चारा कसला, किती गुंठे, किती दिवस पुरणारा, हे विचारायला रकानाच नव्हता. कर्ज थकले की कारणे शोधली जात: गाय आटली, आजारी पडली, दुधाला भाव नाही. दावणीत काय पडत होते, हे पाहायला कुणाला सवड नसे.

आता थोडा हिशेब करू. ‘दहा किलो घास’ म्हणजे गाईच्या दृष्टीने काय? त्यात आठ किलो पाणीच. उरलेल्या दोन किलोंत सुमारे अठरा ते वीस टक्के प्रथिने, म्हणजे पावणेचारशे-चारशे ग्रॅम. जवळजवळ इतकीच प्रथिने दोन किलो चांगल्या पशुखाद्यातून मिळतात. सगळे खाद्य बंद करून नुसत्या घासावर गाय पोसावी, असे मी म्हणत नाही. तिला ऊर्जाही लागते, कोरडा चाराही लागतो. पण रोजच्या दोन किलो खाद्याचा भाव आपापल्या गावी विचारावा आणि तीनशे पासष्टने गुणावा. घास हा दुधाच्या धंद्यातला किती मोठा खर्च वाचवू शकतो, हे कोणी सांगायला नको.

या घासाला जमीन किती लागते? पाणी-खत वेळेवर असेल, तर बहुवर्षायू घास वर्षाला हेक्टरी नऊशे क्विंटलच्या आसपास हिरवा चारा देतो. म्हणजे गुंठ्याला नऊ क्विंटल. एका गाईला रोज दहा किलो द्यायचा तर चार गुंठे पुरतात. शिफारस हेक्टरी पंचवीस किलो बियाण्याची आहे, तेव्हा चार गुंठ्यांना बी लागते एक किलो. हे पीक एकदा पेरले की तीन वर्षे राहते. एका किलो बियाण्यावर एका गाईच्या तीन वर्षांच्या घासाचा, साधारण अकरा टन चाऱ्याचा भरवसा ठेवलेला असतो. दुधाच्या घरात इतका स्वस्त आणि इतका दीर्घकाळ भोगायचा दुसरा निर्णय नाही. चुकीची गाय विकता येते. चुकीचा घास मोडून पुन्हा पेरायचा म्हणजे एक हंगाम हातचा गेला.

मग जात कोणती? यात गूढ काही नाही. पहिला प्रश्न, घास एकवर्षी की बहुवर्षायू? एकवर्षी घास हिवाळ्यात चांगल्या कापण्या देतो आणि उन्हाळा सरताना संपतो. रब्बीनंतर रान मोकळे हवे असेल त्याला तो सोयीचा. ज्याला बारमाही वाफा हवा, त्याने बहुवर्षायू घ्यावा. आपल्या जिल्ह्यातच, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘आर. एल. ८८’ ही बहुवर्षायू जात दिली आहे. गुजरातच्या आणंदची ‘आणंद-२’ आहे, हरियाणाची ‘सिरसा-९’ आहे. घरच्या अंगणात तयार झालेली जात सोडून निनावी पोत्यात हात घालायचा, याला काय म्हणावे?

दुसरा प्रश्न, घास चरायचा की कापायचा? परदेशात हा प्रश्न आधी विचारतात. थंड मुलखातल्या काही जाती हिवाळ्यात चक्क झोपी जातात. त्यांचे बुंधे रुंद आणि जमिनीलगत असतात, त्यामुळे जनावरांचे तोंड आणि खूर त्या अधिक सोसतात. उभट, लवकर फुटणाऱ्या जाती कापणीला बऱ्या. आपल्याकडे घासात गाय सोडत नाहीत, विळा चालतो. पंचवीस-तीस दिवसांनी, वर्षभर. शिवाय आपला हिवाळा हाच घासाचा खरा बहर. तेव्हा थंडीत झोपणारी जात कितीही नामांकित असली तरी आपल्या उपयोगाची नाही.

तिसरा प्रश्न, पिशवीवर चिठ्ठी आहे का? निळी चिठ्ठी प्रमाणित बियाण्याची, हिरवी सत्यतादर्शक बियाण्याची. सुट्या बियाण्यात सर्वांत मोठी भीती अमरवेलीची. तिचे बारीक बी घासाच्या बियात बेमालूम मिसळते आणि मग वाफ्यावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरते. तिला ना मूळ, ना पान; घासाच्या जिवावर जगते आणि तिचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. जुनी माणसे बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेले काढून टाकत, मग स्वच्छ पाण्याने धूत. तो शहाणपणा अजूनही खरा आहे.

एकाच जातीवर सगळ्यांनी विसंबणेही बरे नव्हे. ऑस्ट्रेलियात जवळपास सगळीकडे ‘हंटर रिव्हर’ ही एकच जात होती. १९७७ मध्ये बाहेरून मावा आला आणि रानेच्या राने बसली. मग मावा सोसणाऱ्या जाती शोधून पेराव्या लागल्या. आपल्याकडे मावा नवा नाही. म्हणून शेजारच्या दोन घरांत दोन जाती असल्या तर बिघडत नाही, उलट तुलना होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे: घासाला पाणी लागते, दुष्काळी जिल्ह्याने पाणी घासावर का घालावे? पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या माळावर बारमाही घासाचा आग्रह मीही धरणार नाही. तिथे कडवळ, मका, मुरघास आणि माळावरचे गवत हाच आधार. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने आधी चराईबंदी केली, गवत वाढवले आणि मग दूध वाढवले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण जिथे विहिरीला पाणी आहे आणि ते उसाला बिनदिक्कत सोडले जाते, तिथे चार गुंठ्यांचा हिशेब मागणे न्यायाचे नाही. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत छावण्यांतून जनावरे उसावर जगली. जगली खरी, दूध मात्र आटले.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा गावची गायराने जंगलखात्याने गिळली आणि जनावरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार त्यात मांडली होती. गायराने परत आली नाहीत. त्यांची जागा या चार गुंठ्यांनी घेतली आहे. घरचे गायरान म्हणायचे ते हेच. मग त्यात काय उगवते, याची काळजी नको का?

आणि ही काळजी घ्यायची कोणी? पहाटे दव उतरायच्या आत विळा घेऊन वाफ्यात बसते ती घरची बाई. कोणत्या वाफ्याचा घास जाड देठाचा, गाय कोणता शिल्लक टाकते, कोणता तिसऱ्या वर्षी विरळ झाला, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. कोवळा, ओला घास उपाशी गाईला घातला तर पोट फुगते, म्हणून तो सुकवून, कडब्यात मिसळून द्यायचा, हेही तीच सांभाळते. उन्हाळ्याच्या तोंडी थोडा घास सावलीत वाळवून ठेवला तर मे महिन्यात कामी येतो. आमच्याकडे कुरडया-पापडांचे वाळवण हौसेने होते, घासाचे क्वचित. वाळवताना पान झडले तर सत्त्वच गेले, म्हणून तिथे पातळ देठाची, भरपूर पानांची जात हवी. पण बी आणायला बाजारात जातो तो पुरुष, आणि तो तिला विचारून जात नाही.

दुधाचा भाव शेतकऱ्याच्या हाती नाही. २०२४ साली सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान द्यावे लागले, यावरून त्याची अवस्था कळते. खाद्याच्या पोत्याचा भावही त्याच्या हाती नाही. दावणीत काय टाकायचे, एवढेच त्याच्या हाती आहे. म्हणून दूध संघांना माझी एक सूचना आहे. संकलन केंद्रावर खाद्याची पोती ठेवता आणि दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून त्यांचे पैसे कापून घेता. त्या पोत्यांशेजारी ऑक्टोबरात चिठ्ठी लावलेल्या, जातीचे नाव छापलेल्या एक-एक किलोच्या घासाच्या पिशव्याही ठेवा. पैसे तसेच कापा. आणि पिशवी देताना एवढे सांगा, की कोणती न्यायची ते घरी विचारून या.