पटाला घोडा ओळखता येतो, मग?

घरातलं यंत्र : साप्ताहिक सदर, गुरुकुंज मोझरीहून

या आठवड्यात बुद्धिबळाच्या इलेक्ट्रॉनिक पटाची जाहिरात इतक्यांदा समोर आली की तिच्यावर लिहिणं भागच पडलं. जाहिरात पालकांसाठी आहे. मुलाच्या हातातला मोबाइल सोडवा, त्याला खरा पट द्या, असा तिचा एकूण सूर. चित्रात देखणा लाकडी पट आहे, घरांच्या कोपऱ्यांत लुकलुकणारे दिवे आहेत, समोर शहाण्यासारखा बसलेला मुलगा आहे आणि पटाच्या शेजारी उभा करून ठेवलेला मोबाइलही आहे. ॲप उघडल्याशिवाय हा पट डावच सुरू करत नाही, म्हणून तो तिथे आहे. या सदराच्या वाचकांना माझं हे जुनं दुखणं पाठ झालंय. वजनकाटा झाला, पंखा झाला, आता घोडे-उंटही फोनच्या दावणीला, एवढं म्हणून विषय सोडता आला असता. पण यात फोनपेक्षा मोठा प्रश्न आहे. पटावर कोणती सोंगटी कुठे आहे हे यंत्राला कळणं खरोखर मोलाचं असतं, मात्र ते कोणासाठी, हे विकणारे सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत.

आधी पटाची बाजू मांडतो. बाजारात या पटांच्या दोन जाती आहेत आणि खोक्यावर ती जात ठळक लिहिलेली असेलच असं नाही. पहिल्या जातीला एवढंच कळतं की अमुक घरात काहीतरी आहे किंवा नाही. सोंगटीच्या बुडाला चुंबक आणि घराखाली चुंबक ओळखणारा सेन्सर, बाकी सगळा कारभार पाठांतराचा. कोपऱ्यात सुरुवातीला हत्ती होता, तिथून काहीतरी उचललं गेलं, पलीकडे काहीतरी ठेवलं गेलं, अर्थात हत्तीच हलला, असा त्याचा हिशोब. लहान भावंडाने पटावर हात फिरवला की हिशोब बुडाला. प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं आणि खेळणाऱ्याने वजिराऐवजी घोडा घेतला, तर पटाला तो दिसत नाही, वेगळं सांगावं लागतं. पुस्तकातली एंडगेमची स्थिती मांडून सराव करायचा असेल तर आधी पटाची समजूत काढावी लागते. दुसरी जात खरी सोंगटी ओळखणारी. डीजीटी या डच कंपनीच्या पटांत प्रत्येक सोंगटीच्या बुडात तारेचं छोटं वेटोळं आणि कपॅसिटर असतो, बॅटरी नसते. पटाखालच्या तारांमधून संदेश गेला की प्रत्येक प्रकारची सोंगटी आपल्या ठरलेल्या वारंवारतेला साद देते. पांढऱ्यांचे सहा प्रकार, काळ्यांचे सहा, म्हणजे बारा वेगळ्या सादा. त्यामुळे सगळ्या सोंगट्या उधळून पुन्हा कशाही मांडल्या तरी पटाला स्थिती अचूक कळते. यामागची कारागिरी उत्तम आहे, त्यात वाद नाही.

ही कारागिरी शोभते कुठे? 28 जुलै 2025 ला बाटुमीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात महिला विश्वचषकाचा टायब्रेक सुरू होता. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. जॉर्जियातल्या त्या टेबलावर सोंगटी हलली की थोड्याच वेळात ती चाल नागपुरात दिसत होती, अमरावतीत दिसत होती आणि इथे आमच्या मोझरीतही ज्याला बघायची त्याला दिसत होती. दिव्या जिंकली, एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि ते घडताना विदर्भाने चालीगणिक पाहिलं. मोठ्या स्पर्धांत सोंगटी ओळखणारे पट याच कामासाठी असतात. डाव संपला की निकाल कळवण्याची त्यांची खूणही मजेशीर आहे. पांढरा जिंकला तर दोन्ही राजे पटाच्या मधल्या पांढऱ्या घरांत ठेवायचे, काळा जिंकला तर मधल्या काळ्या घरांत. खेळणाऱ्या दोघींना निकाल माहीतच असतो, खूण असते पटापाशी नसलेल्यांसाठी. 2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात विश्वचषक झाला, तिथल्या चालीही लोकांनी अशाच घरबसल्या पाहिल्या. तेव्हा माझा नियम सरळ आहे. पटापाशी नसलेल्या किंवा पट पाहू न शकणाऱ्या कोणाला डाव कळायला हवा असेल, तिथे सोंगटी ओळखणाऱ्या पटाला मोल द्यावं. दोन डोळस माणसं पटाच्या दोन बाजूंना बसलेली असताना घोडा हा घोडाच आहे हे यंत्राकडून कळवून घेण्याला पाच आकडी रक्कम मोजणं हा हौसेचा भाग झाला.

पट पाहू न शकणारे, असं वर म्हटलं ते सहज नाही. दृष्टिहीन खेळाडूंचा पट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा हातात घेऊन पाहावा. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच. प्रत्येक घराला मधोमध भोक, प्रत्येक सोंगटीच्या बुडाला त्यात बसणारी खुंटी, आणि काळ्या सोंगट्यांवर बोटांना जाणवेल अशी खूण. चाचपडताना पट विस्कटत नाही. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे नियमही त्या बोटांना धरून आहेत. एरवी सोंगटीला मुद्दाम हात लावला की तीच खेळावी लागते. दृष्टिहीन खेळाडूने हात लावला असं मानतात ते सोंगटी भोकातून उपसल्यावर. दोघांचे पट वेगळे असू शकतात. एकाने चाल मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने ती उच्चारून आपल्या पटावर करायची. ऐकण्यात घोटाळा नको म्हणून उभ्या पट्ट्यांना नावं दिली आहेत, आना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं की बदल्यात कोणती सोंगटी घेतली हेही बोलून सांगावं लागतं. म्हणजे चुंबकाच्या पटाला जे दिसत नाही, ते या पटावर दोन माणसं एकमेकांना सांगतात. लाकूड, खुंट्या आणि बोलण्याची शिस्त, एवढ्या भांडवलावर सोंगटी ओळखण्याचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. चारुदत्त जाधवांसारख्या दृष्टिहीन खेळाडूने मुंबईतून देशभरातल्या दृष्टिहीनांचं बुद्धिबळ संघटित केलं, ते याच पटावर.

आता शेजारी इलेक्ट्रॉनिक पट ठेवून पाहा. दृष्टिहीन खेळाडूला अडचण येते ती एकट्याने सराव करताना. समोर चाल सांगणारं कोणी नसेल तर पुढे सरकता येत नाही. सोंगटी ओळखणारा, आपली चाल स्वतः बोलून दाखवणारा, बोटांना जाणवणारा पट ही अडचण दूर करू शकतो. हे स्वप्नरंजन नाही. फिडेलिटी कंपनीचा चेस चॅलेंजर 1977 साली आला आणि 1979 साली त्याची बोलणारी आवृत्ती बाजारात होती. बोलणारा बुद्धिबळ संगणक पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. आपोआप सरकणाऱ्या सोंगट्याही नव्या नाहीत, मिल्टन ब्रॅडलीने 1983 मध्ये पटाखाली चुंबक फिरवून त्या सरकवून दाखवल्या होत्या. आपल्या मुंबईत भव्य गोहिल आणि आतुर मेहता यांनी स्क्वेअर ऑफ हा स्वतः सोंगट्या हलवणारा पट काढला आणि 2016 साली किकस्टार्टरवर त्याला जगभरातून गिऱ्हाईक मिळालं. ती कल्पना मुळात दृष्टिहीनांसाठी पट करण्यापासून सुरू झाली होती. तयार माल मात्र डोळसांच्या दिवाणखान्यात गेला. पुढे 2022 मध्ये मुंबईच्याच मिको या मुलांसाठी रोबो बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. त्या दोन तरुणांना मी दोष देत नाही. भांडवल जिकडे पैसा असतो तिकडे जातं आणि अंध विद्यालयांकडे पैसा नसतो. पण आजच्या बऱ्याच पटांकडे पाहिलं की दिसतं काय, तर संगणकाची चाल दाखवायला दिवे लागतात! जो दिवा पाहू शकतो त्याला पट पाहता येतोच. ज्याला आवाज हवा, त्याला सांगतात, फोन जोडा. 1979 मध्ये जी गोष्ट पटाच्या पोटात होती ती आज खिशातून काढून द्यावी लागते आणि आपण याला प्रगती म्हणून टाळ्या वाजवतो.

आक्षेप येणार, तो वाजवीही आहे. खेड्यातल्या हुशार पोराला तोडीचा जोडीदार मिळत नाही. तिवसा तालुक्यातल्या एखाद्या पोट्ट्याने गावातल्या सगळ्यांना हरवलं की पुढे कोणाशी खेळायचं? इलेक्ट्रॉनिक पट त्याला जगातल्या कोणाशीही बसवून देतो. खरं आहे. पण ते काम इंटरनेटचं आहे, पटाचं नाही. लीचेस हे संकेतस्थळ फुकट आहे, जाहिरातींशिवाय चालतं आणि स्क्रीन-रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीनांसाठी त्यात वेगळी सोयही आहे. ज्याच्याकडे पटाला जोडायला फोन आहे त्याच्याकडे हे सगळं आधीच आहे. स्वप्निल धोपाडे अमरावतीचे, रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता नागपूरचे, तिघेही ग्रँडमास्टर. त्यांच्या यशाचं श्रेय कोणी पटाखालच्या सेन्सरला दिल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो प्रशिक्षकांकडून येतो. पडद्यावर वाढलेली मुलं स्पर्धेत लाकडी पटासमोर बसली की बावचळतात. सपाट चित्रात जो उंट लगेच दिसतो तो उभ्या सोंगट्यांच्या गर्दीत दिसत नाही. त्यामुळे घरी संगणकाशी खेळतानाही खरा पट समोर असावा. हे मला मान्य आहे, फक्त त्यासाठी सोंगटी ओळखणाऱ्या पटाची गरज नाही. फोनवरची चाल बघून साध्या पटावर हाताने केली की झालं. दोनदा हात हलवावा लागतो, हा तोटा नव्हे. उलट यंत्राच्या सोयीत एक खोट लपलेली आहे. हा पट चाली आपोआप नोंदवतो, आणि क्लासिकल स्पर्धेत खेळाडूला चाली स्वतः लिहाव्या लागतात. चाल करायची, घड्याळ दाबायचं, कागदावर लिहायचं, हा क्रम अंगवळणी पडायला सराव लागतो. ज्या मुलाचा प्रत्येक डाव पटानेच लिहून ठेवला त्याचा पेन स्पर्धेत अडखळणारच. आणि प्रवासासाठी म्हणून जे पट विकतात त्यांच्याबद्दल फार बोलायला नको. एसटीत बसून अमरावती ते नागपूर जाताना चार्ज केलेला पट, चार्ज केलेला फोन आणि नेटवर्क या तिन्हींचं जमलं तर डाव. खिशात मावणारा घडीचा चुंबकी पट यातलं काहीच मागत नाही.

किमती उतरतील, तेव्हा ही कुरकुर कशाला, असंही कोणी म्हणेल. उतरतील. पण स्वस्त झालेला पट घरोघरी गेला तरी तो कोणासाठी आहे हा प्रश्न तसाच राहतो, उलट कपाटात पडून राहणाऱ्या पटांची संख्या वाढते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या या गावात रोज प्रार्थनाही सामुदायिक होते. इथून लिहिणाऱ्याने वस्तू सामुदायिक असावी म्हटलं तर वाचकांना नवल वाटू नये. तालुक्याच्या वाचनालयात खरोखर सोंगटी ओळखणारा एकच पट असला, शनिवारचा डाव त्यावर झाला आणि अमरावतीत बसलेल्या प्रशिक्षकाने तो तिथून पाहिला, तर पाच आकडी किंमत एका महिन्यात वसूल. अमरावतीला डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे. वाढदिवसाला दहा वर्षांच्या लेकाला दिवे लावणारा पट घेऊ शकणाऱ्यांनी तिथे किंवा आपल्या जवळच्या अशा शाळेत आधी खुंट्यांचे चार-सहा पट द्यावेत, आणि यंत्र देणार असाल तर ते बोलणारं आहे ना, हे तपासून द्यावं.

बाकी ज्यांना घरासाठी घ्यायचाच आहे त्यांना अडवणारा मी कोण? फक्त दुकानात दोन गोष्टी करून पाहा. पट मांडलेला असताना घोडा आणि उंट यांची अदलाबदल करा आणि पटाला ती कळते का बघा. मग विकणाऱ्याला आपला फोन बंद करून खिशात ठेवायला सांगा, आणि तेवढ्यावर तो पट एक डाव तरी खेळतो का, हे पाहूनच पैसे द्या.