कार्ड आहे हो, पण दवाखाना कुठंय?

काल टपरीवर एकजण म्हणाला, "ऊसतोड्यांना आता काय कमीये? सरकारनं पाच लाखांचं कार्ड दिलंय की!" तिथं चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसलो. इथं लिहितोय.

आधी कार्डाचं बोलू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, हे खरं. हार्ट, कॅन्सरचे पेशंट त्यानं वाचलेत, हेही खरं. पण ते चालतं कधी? यादीतला आजार, यादीतलं रुग्णालय आणि माणूस भरती झाल्यावर. ताप, कंबरदुखी, अंगावरून पांढरं जाणं, याची फी, सोनोग्राफी, गोळ्या? खिशातून!

आणि खिसा कुणाचा? फडात एक दिवस खाडा झाला तर दंड. सरकारी दवाखाना उघडा असतो त्या वेळेला बाई उसात. मग दुखणं अंगावर काढायचं. अगदीच झोपली, तर खाजगी डॉक्टर. पैसे मुकादमाकडून, ते उचलीत जमा. आमच्याकडं विमा कंपनी म्हणजे मुकादम. क्लेम लगेच पास, हप्ता जन्मभर!

याचं पुढं काय होतं ते २०१९ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बहुतेक ऑपरेशनं खाजगीत. कितीतरी जणींचं दुखणं वेळेवर तपासलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. चार दिवस बातम्या झाल्या, पुढच्या दिवाळीनंतर गाड्या परत निघाल्या.

आता कायदा बघा. १९४८ च्या ईएसआय कायद्यानं कामगाराला ओपीडीपासून ऑपरेशनपर्यंत उपचार दिले, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ताही दिला. पण त्याच कायद्यानं 'हंगामी कारखाने' वगळले, आणि त्या यादीत साखर नावानिशी आहे. वर कारखाना म्हणतो, तोडणारे आमचे नाहीत, मुकादमाचे. ऊस तुमचा, साखर तुमची, फक्त माणूस तेवढा मुकादमाचा?

उसाच्या ट्रॅक्टरला विमा नसेल तर पोलीस पावती फाडतो. ऊस तोडणाऱ्या बाईला विमा नसेल तर कुणाची पावती फाटते?

मागणी साधी आहे. तोडणी कामगाराची नोंद कारखान्याच्या नावावर करा आणि ईएसआयसारखं संरक्षण द्या, ओपीडीसकट. गाळप सुरू असेपर्यंत प्रत्येक तळावर आठवड्यातून एकदा संध्याकाळी डॉक्टर पाठवा, कोपीवर माणूस असतो तेव्हा. आणि आजारपणाचा खाडा बंद करा.

कारखान्याच्या निवडणुकीत मत मागायला येतील तेव्हा भाव विचाराच. पण हेही विचारा. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण 'कार्ड दिलंय की' एवढं म्हणून विषय संपवू नका.