दारूच्या घरातली मुले मोठी झाल्यावर

राम गणेश गडकरींचे 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली प्रथम रंगभूमीवर आणले ते आपल्या बडोद्यात. आपण या नाटकाविषयी बोलतो तेव्हा सुधाकराचा अधःपात आठवतो, सिंधूचे हाल आठवतात. त्यांचे तान्हे बाळ बापाच्याच हातून मरते आणि तिथेच त्याची कथा संपते. खऱ्या घरांतली बाळे मात्र जगतात. शाळेत येतात, नोकरीला लागतात, संसार थाटतात. त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण विचारत नाही.

गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. तरीही ज्या घरात बाटली येते, तिथल्या मुलाला लाजेच्या जोडीला पोलिसांचीही भीती असते. 'घरातले बाहेर सांगायचे नाही' हे ते फार लवकर शिकते. अमेरिकेतील समुपदेशक क्लॉडिया ब्लॅक यांनी अशा घरांचे तीन अलिखित नियम सांगितले आहेत : बोलायचे नाही, विश्वास ठेवायचा नाही, मनातले जाणवू द्यायचे नाही. हे नियम पाळणाऱ्या मुलाला आपण 'किती समजूतदार!' म्हणून शाबासकी देतो.

हा समजूतदारपणा पुढे महागात पडतो. चाळिशीतल्या माणसाला रात्री दाराची कडी वाजली की धस्स होते. कुणी आवाज चढवला की घशाला कोरड पडते. 'नाही' म्हणता येत नाही. सगळ्यांना सांभाळण्याची सवय इतकी लागलेली असते की स्वतःला काय हवे तेच ठाऊक नसते. वडील कधीच निवर्तलेले असतात, पण मूल अजून पहाऱ्यावर असते. काही जण स्वतःही दारूकडे वळतात. अशा घरातल्या मुलांना तो धोका अधिक असतो. पण हे विधिलिखित नव्हे. कित्येक जण त्यातून बाहेर पडतात.

अशा माणसाला नातेवाईक सांगतात, "झाले गेले विसरून जा. आईवडिलांबद्दल वाईट बोलू नये." माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे. जे कधी बोललेच गेले नाही ते विसरणार कसे? घडलेले खरे सांगणे म्हणजे आईवडिलांचा अपमान नव्हे. व्यसन हा आजार आहे हे समजले की रागाची धार कमी होते. पण आजार होता म्हणून मुलाला झालेली जखम खोटी ठरत नाही. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती मागण्याचा हक्क काका-मामांना नाही.

व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल-अॅनॉन' गटांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते : हे व्यसन तुमच्यामुळे लागले नाही, ते आवरणे तुमच्या हाती नव्हते आणि ते बरे करणेही नाही. 'मी जास्त मार्क मिळवले असते तर बाबा प्यायले नसते' असे मानत वाढलेल्या माणसाला हे वाक्य उशिरा का होईना, ऐकायला मिळायला हवे. हे गट भारतातही आहेत. १९८६ पासून पुण्यात काम करणारे 'मुक्तांगण' रुग्णाबरोबर कुटुंबाचाही विचार करते. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

पालकहो, आपल्यापैकी काहींचे बालपण असे गेले असेल. आपल्या मुलांसाठी तरी ते एकदा कुणा जाणत्यापाशी उघड करा. विश्वस्तांना विनंती, की शाळेत समुपदेशकाची वेळ ठेवावी आणि ती पालकांनाही खुली असावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी आज हे चालू असेल, तर विश्वासातल्या बाईंना किंवा सरांना सांगा, अथवा १०९८ वर फोन करा. चाळिशीपर्यंत थांबू नका.